काळभात कुठं भरडायचं?

गावातली भात गिरणी बंद पडली की पुढच्या तीन-चार हंगामांत त्या गावातली भाताची जुनी वाणं मागे पडायला लागतात. अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात महिला गटांबरोबर काम करताना हे मी गावोगाव पाहिलं. म्हणून आता नव्या गावात गेले की बियाण्याची चौकशी नंतर करते. आधी विचारते, "भात कुठं भरडता?" "राजूरला नेतो" किंवा "व्यापाऱ्याची गाडी येते, भातच घालतो" असं उत्तर आलं, की त्या गावात काळभात कितीसं उरलं असेल याचा अंदाज येतो. बहुतेक वेळा ते एखाद्या आजीच्या बांधालगतच्या खाचरात असतं, आणि तेही घरच्यापुरतं.

आमचं काम सांगायला सोपं आहे. डोंगरातल्या बायकांनी पिकवलेलं भात, नागली, वरई त्यांच्याकडून घ्यायची, ती खाण्याजोगी करायची आणि होईल तितक्या जवळच्या माणसाच्या ताटात पोचवायची. पिकवणाऱ्या तयार होत्या, खाणारेही मागत होते. अडायचं ते "खाण्याजोगी करायची" इथं. आपल्या भागातलं अन्न खावं असं कळकळीनं सांगणारी माणसं मला खूप भेटतात, पण त्यांचं बोलणं बहुतेक शेताबद्दल असतं किंवा ताटाबद्दल. माझी सगळी वर्षं या दोहोंच्या मधल्या जागेत गेली. गिरणी, ताडपत्री, वजनकाटा, टेम्पो आणि खळ्यावर हातात द्यायची रोख. जे टिकलं ते या गोष्टी जमल्या म्हणून टिकलं, आणि जे मोडलं ते या नव्हत्या म्हणून मोडलं, अशी माझी खात्री झाली आहे.

तालुक्याचं नाव एक, मुलूख दोन. पश्चिमेला घाटघर, रतनवाडीच्या बाजूला पावसाळ्यात चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. पूर्वेला संगमनेरकडे सरकलं की पाचशे-सहाशेवर भागवावं लागतं. १९२६ साली पुरं झालेल्या भंडारदरा धरणाचं पाणी प्रवरेतून खाली जातं. खाली ऊस होतो, टोमॅटो होतो, कांदा होतो. जिथं पाऊस पडतो तिथं मात्र महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांची उताराची, तुकड्यातुकड्यांची जमीन. खाचरात भात, वरकस उतारावर नागली, वरई, खुरासणी. पाऊस सरला की पाणीही उताराला लागतं आणि उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन झऱ्यावर बसलेल्या असतात. पीक एकदाच. घरात जे धान्य यायचं ते दिवाळीच्या पुढंमागं येतं आणि ते वर्षभर पुरवायचं असतं.

आंबेमोहोर, रायभोग, जिरवेल, काळभात ही इथली जुनी वाणं. काळभाताचं टरफल काळपट, आतला दाणा पांढरा, बारीक आणि वासाचा. एका घरात शिजायला लागला की शेजारच्या घरात कळतं. पीक गरवं, उंच वाढतं, वारा-पाऊस झाला की लोळतं, आणि उतारा इंद्रायणीच्या मानानं कमी. इंद्रायणी १९८७ साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आली, आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून. वाण चांगलं आहे, चवीलाही आहे, इथल्या घरांत त्यानं दोन पैसे आणले. त्याच्यावर राग धरायचं काही कारण नाही. काळभात कमी झालं त्याला उतारा थोडाबहुत कारण आहेच, पण आमच्या गावांत मी पाहिलं ते असं, की ते शेतात हरण्याआधी हलरपाशी हरलं.

दिवाळीनंतर गिरणीत रांग लागते. यंत्र एकदा सुरू झालं की आधीच्या भाताचे काही किलो त्याच्या पोटात राहतात. एकाच जातीची पोत्यामागून पोती आली तर गिरणीवाल्याला परवडतं. एखादी बाई दीड पोतं काळभात घेऊन आली की त्यानं यंत्र थांबवायचं, झटकायचं, बारीक दाण्यासाठी पात्याचं अंतर बदलायचं, तेवढं भरडायचं आणि पुन्हा सगळं पहिल्यासारखं लावायचं. तेवढ्या वेळात चार पोती इंद्रायणी निघाली असती. मग तो म्हणतो, "मावशे, तुझं शेवटाला घेऊ." शेवट म्हणजे अंधार पडल्यावर, आणि तोवर तिची एसटी गेलेली असते. नाहीतर तो आहे त्याच पात्यावर भरडून देतो. निम्मी कणी होते, काही दाणे टरफलासकट तसेच निघतात आणि मधे इंद्रायणीचे मोठे दाणे मिसळलेले. अशा मिसळ तांदळाला वासाच्या तांदळाचा भाव कुणी देत नाही. पुढच्या वर्षी ती बाई ठरवते, घरच्यापुरतं उखळात कांडू, बाकी खाचरात इंद्रायणीच लावू. गिरणीवाल्याला मी दोष देणार नाही. त्याचा हंगाम दोन-तीन महिन्यांचा, वीजबिल मात्र बारा महिन्यांचं.

म्हणून गटासाठी पहिली गोष्ट घेतली ती गिरणी. सिंगल फेजवर चालणारं छोटं यंत्र, रबरी रोलरचं. जुन्या लोखंडी हलरमध्ये दाणा घासून घासून टरफल आणि कोंडा एकदमच निघतो, म्हणून तुकडा जास्त. रबरी रोलर दोन असतात आणि दोघांचा वेग वेगळा. त्यांच्या मधून जाताना टरफल सोलून निघतं, दाण्याला फारसा मार बसत नाही. शंभर किलो भातातून साधारण पासष्ट किलोच्या आसपास तांदूळ, वीस-बावीस किलो तूस, उरलेला कोंडा. कोंडा जनावरांना आणि कोंबड्यांना, तूस राब भाजायला. आमच्याकडे यातलं काही वाया जात नाही.

यंत्र आलं तरी तांदूळ अखंड निघेल की नाही हे खळ्यावरच ठरलेलं असतं. भात नीट वाळलेलं हवं, ओलावा चौदा टक्क्यांच्या आसपास. ओलं भरडलं तर दाणा चेपतो. आणि कापणीनंतर कडक उन्हात एका दिवसात कडकडीत वाळवलं, तर दाण्याला आतून बारीक तडे जातात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, यंत्रातून कणी होऊन बाहेर आल्यावर कळतात. आमच्याकडे ओलावा मोजायचं यंत्रही आहे. पण गटातल्या एक आजी पोत्यात कोपरापर्यंत हात घालतात, तळातलं भात मुठीत घेऊन वर काढतात, त्यातले दोन दाणे दाढेखाली धरतात आणि आवाज ऐकतात. कट्‌ असा स्वच्छ आवाज आला तर पोतं उजवीकडे, नाहीतर डावीकडे, परत वाळवणाला. वाळवणाची रीतही त्यांचीच. सकाळचं ऊन दाखवायचं, दुपारी भात ओढून सावलीत ढीग करायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा पसरायचं. यंत्राचा आकडा आणि आजींची दाढ यांत फरक पडला तर आम्ही पोतं परत उन्हात घालतो. आजींचं म्हणणं डावलून भरडायची वेळ कधी आली नाही.

गिरणी गावात असण्याचा आणखी एक फायदा आहे आणि मला तो सगळ्यात मोठा वाटतो. हल्ली लोक कमी पॉलिशचा तांदूळ मागतात, योग्यच आहे. पण कोंड्याचा थर दाण्यावर ठेवला की त्यातलं तेलही राहतं. असा तांदूळ दोन-चार महिन्यांत खवट लागायला लागतो आणि किडीलाही तोच आधी सापडतो. भात मात्र टरफलात सुखरूप असतं. कणगीत नीट ठेवलं तर वर्ष काढतं. म्हणून आम्ही साठवतो ते भात, आणि मागणी येईल तसं दर महिन्याला भरडतो. संगमनेरच्या घरात जो तांदूळ जातो तो आठवड्याभरापूर्वीपर्यंत टरफलात असतो. हजार किलोमीटरवरून येणाऱ्या तांदळाला हे जमणं अवघड आहे. जवळचं खावं याच्या बाजूनं लोक इंधन वाचतं वगैरे कारणं देतात, ती खरीच आहेत. पण ज्यांनी ताज्या भरडलेल्या तांदळाचा भात खाल्ला त्यांना मला यातलं काही समजावून सांगावं लागलं नाही.

गिरणीनंतरची दुसरी गाठ पैशाची. भात झोडून होतं तेव्हा घरात दिवाळीची उसनवारी फेडायची असते, पोरांच्या फिया असतात. व्यापारी खळ्यावर येतो, तिथंच रोख मोजतो. त्याचा भाव कमी असला तरी त्याचे पैसे आज असतात. सरकारी हमीभाव आहे; २०२४-२५ साठी सर्वसाधारण भाताला क्विंटलला २,३०० रुपये होता. पण हमीभावात भाताच्या प्रती दोनच, सर्वसाधारण आणि 'अ'. वासाला तिथं वेगळी किंमत नाही, काळभात आणलं तरी ते साधं भातच. आम्हाला जास्त भाव द्यायचा होता आणि तोही खळ्यावर, त्याच दिवशी. गटाची बचत आणि बँकेचं कर्ज यांवर थोडं निभायचं, पण खरा आधार मिळाला तो अकोले आणि संगमनेरमधल्या वर्षाचा तांदूळ भरणाऱ्या घरांचा. शिक्षक, डॉक्टर, दुकानदार, बँकेतली माणसं. त्यांनी दसऱ्याला निम्मे पैसे आगाऊ द्यायचे, तांदूळ वर्षभर घ्यायचा. काही घरांनी पहिल्याच वर्षी विश्वास टाकला. बाकीच्यांना आम्ही आवणीच्या वेळी शेतावर बोलावलं. गुडघाभर चिखलात उभं राहून एकदा रोप लावलेलं माणूस पुढं भावावरून घासाघीस करत नाही. एका वर्षी ऐन कापणीत पाऊस झाला, भात लोळलं, तांदूळ कमी आला आणि तुकडा जास्त. तेव्हा या घरांनी आहे तो तांदूळ ठरल्या भावात घेतला, कणीसुद्धा. स्थानिक बाजार म्हणजे काय हे मला त्या वर्षी नीट समजलं. पिकवणाऱ्याचं नुकसान अनेक घरांत वाटलं गेलं आणि कुणाचंच घर बसलं नाही.

वरईचं दुखणं भातापेक्षा जुनं आहे. दाणा मोहरीएवढा, टरफल घट्ट. पूर्वी बायका पहाटे उठून कांडायच्या; एका वेळच्या जेवणासाठी तासभर मुसळ. आजच्या मुलींनी ते करावं असं मी कुणाला सांगणार नाही. मग वरई पोत्यानं विकली जाते, दुसरीकडे गिरणीत सोलली जाते आणि भगर होऊन पाकिटातून राजूरच्या दुकानात एकादशीला परत येते. पिकवणारी बाई ती विकत घेते. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. त्या वर्षी नागलीच्या पदार्थांच्या स्पर्धा झाल्या, कार्यक्रम झाले, आमच्या बायकाही हौसेनं गेल्या. प्रत्येक ठिकाणी त्यांनी मागणी मात्र एकच मांडली, वरई सोलायचं यंत्र आमच्या गावात द्या. खुरासणीचंही तेच. घाणा उरला नाही म्हणून तेल गेलं, चटणी तेवढी राहिली.

याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी बायफ संस्थेच्या साथीनं गावरान बियाण्यांची बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्या गटांत घरातल्या लग्नासारखा आनंद झाला. त्यांच्यामुळे वाणं हातात राहिली. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बियाणं राखायचा, वापरायचा, देवाणघेवाण करायचा हक्कही दिलाय. बियाणं आहे, हक्क आहे. त्या बियाण्याचं पीक दर वर्षी कुणीतरी खाल्लं पाहिजे, नाहीतर ते मडक्यातच राहील. आमचा गट जे करतो ते या पुढच्या टप्प्याचं काम आहे.

खाणारा जवळचा हवा असं म्हणतो, पण जवळचा खाणारा कधीकधी सगळ्यात उशिरा भेटतो. मे-जूनमध्ये काजवे बघायला भंडारदऱ्याला गर्दी लोटते, मग धबधबे, मग फुलं. धरणाच्या काठानं तंबूवाल्यांची रांग आहे आणि तंबू टाकणारी पोरं आमच्याच गावांतली. त्यांच्याकडे जेवायला काय, तर पनीर आणि जिरा राइस. सामान लांबच्या बाजारातून. एका पोराला विचारलं तर म्हणाला, "ताई, पुण्या-मुंबईची मंडळी हेच मागतात." मी म्हटलं, "मागतात, कारण दुसरं काही पुढं येत नाही. एक शनिवार आमच्याकडे दे." त्याच्या आईनं चुलीवर नागलीच्या भाकरी केल्या, खुरासणीची चटणी, कुरडूची भाजी आणि काळभात. पाहुण्यांनी जाताना तांदूळ मागितला. आता त्या बाजूचे बरेच तंबूवाले आमच्याकडून तांदूळ आणि नागलीचं पीठ घेतात. सुरुवातीला एक तक्रार आली, भाकरीत कचकच लागते. नागली मातीच्या खळ्यावर मळली की बारीक खडा येतो. गटानं ताडपत्र्या घेतल्या, चाळण्या बदलल्या, दोन बायकांना निवडण्याची मजुरी ठरवली. स्थानिक आहे म्हणून खडा चालवून घ्या असं गिऱ्हाइकाला सांगणं मला कधीच पटलं नाही. आपलं धान्य सगळ्यांत स्वच्छ असलं पाहिजे, तरच ते आपलं म्हणून पुढं करायचा अधिकार आहे.

आता ज्या गोष्टीनं मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ती सांगते. एका गावात वजन चालू होतं. एका ताईनं तिचं सगळं काळभात काट्यावर चढवलं. मी विचारलं, "घरी काय ठेवलं?" ती म्हणाली, "घरी रेशनचा हाये की. हे इकायचं. पावना आला तर शेरभर असतंय बाजूला." अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी पाच किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. त्या धान्यानं इथली कितीतरी घरं उन्हाळ्यातल्या उपाशी महिन्यांतून बाहेर आली. रेशनला नावं ठेवणारं बोलणं मी ऐकून घेत नाही. पण त्या दिवशी काट्यासमोर उभी राहून मला असं झालं, की आम्ही चांगलं अन्न डोंगरावरून खाली उतरवतोय. ज्या बाईनं ते पिकवलं तिची गरोदर सून पांढराशुभ्र पॉलिशचा तांदूळ आणि पाणीदार आमटी खातेय. भाव चांगला मिळतो म्हणून नागलीसुद्धा घरातून निघायला लागली होती, आणि हे आमच्याच भावानं घडत होतं. जो समाज अन्न पिकवतो त्याचंच ताट त्यातून वगळलं गेलं, तर त्याला स्थानिक अन्न म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हे मी गटाच्या बैठकीत मांडलं तेव्हा सगळ्याजणी माझ्या बाजूच्या झाल्या असं नाही. "ताई, तुमचा पगार महिन्याला येतो," असं एकीनं तोंडावर सांगितलं, आणि ते खरंच होतं. काळभाताच्या एका पोत्यात पोराची वर्षाची फी निघते. तिनं ते खावं असं मी कुठल्या तोंडानं सांगणार? मग बोलणं दुसऱ्या वाटेनं गेलं. जे घरातून निघतं ते गावातच परत कसं येईल? आदिवासी भागात डिसेंबर २०१५ पासून अमृत आहार योजना आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण गरम जेवण मिळतं. थाळीमागं मिळणारे पैसे ठरलेले, त्यात काळभात बसत नाही. पण नागलीचं पीठ, पालेभाजी, अंडी बसतात. दोन-तीन गावांत अंगणवाडीताईंनी गटाकडून पीठ आणि भाजी घ्यायला सुरुवात केली. पावसाळ्यात कुरडू, फांदी, भारंगी, करटुली, जे बायका विकायला राजूरला नेतात त्यातलं थोडं आता अंगणवाडीच्या पातेल्यात जातं. भाजी आदल्या संध्याकाळी खुडलेली असते आणि टेम्पोचा खर्च शून्य.

आणि गेल्या हंगामापासून वजनाची वही बदलली. ही सूचना दाढेनं भात तपासणाऱ्या आजींची. प्रत्येकीच्या नावापुढे पहिला रकाना आता घरच्या धान्याचा आहे. घरात खाणारी तोंडं किती, लेकरं किती, कुणी गरोदर आहे का, हे बघून भात आणि नागली आधी तिथं लिहायची, गिरणीत तेवढं फुकट भरडून द्यायचं, आणि उरलेलं काट्यावर घ्यायचं. सक्ती कुणावर नाही. किती ठेवायचं यावर दर बैठकीत वाद होतो. तरण्या बायका म्हणतात, माणशी एक पायली नागली पुरे, बाकीचे पैसे करू. आजी म्हणतात, पायलीत श्रावणसुद्धा निघत नाही. यंदा आवणीच्या आधी हा आकडा ठरवायचाय, कारण तंबूवाल्यांनी मागच्या वर्षीपेक्षा जास्त नागली मागितली आहे आणि वरकस जमीन आहे तेवढीच आहे.